मागच्या प्रश्नाचा हात

ऐन वेळी झेरॉक्सच्या मशीनने मान टाकली आणि नववीच्या अख्ख्या वर्गाला मनःस्वास्थ्याच्या प्रश्नावलीची एकच प्रत मिळाली. विज्ञानाच्या बाई अशाने थोड्याच अडतात!

"मी एकेक वाक्य वाचते. ज्याला लागू पडेल त्याने हात वर करायचा. लाजायचं काय त्यात? सगळे आपलेच आहेत."

खिडकीजवळच्या मुलीने उघडून ठेवलेल्या पेनाला पुन्हा टोपण लावलं. वर्ग तिला ठोकळा म्हणायचा. हसत नाही, चिडत नाही, नुसती बसून असते म्हणून.

मागच्या महिन्यात तिचे आजोबा गेले. त्यांची ती भारी लाडकी. घरदार ढसाढसा रडत होतं आणि ही आल्यागेल्याला चहा देत होती, कप विसळत होती. "केवढी समजूतदार गं पोर!" आत्याने चारचौघांत कौतुक केलं. कसला समजूतदारपणा आणि कसलं काय! तिला काही वाटतच नव्हतं. रडू नाही, राग नाही, भूकसुद्धा नाही. वाटायची ती फक्त या न वाटण्याची भीती, आणि हल्ली तीही कमी व्हायला लागली होती.

ज्यांची उत्तरं काळजी वाटण्यासारखी असतील, त्यांच्याशी समुपदेशक बाई गुरुवारी एकेकाला वेगळं बसवून बोलणार होत्या. तिला त्यांच्यासमोर जाऊन बसायचं होतं. त्यासाठी कागदावर गुपचूप एक खूण करायची, एवढंच तर होतं.

"मला शाळेत मित्रमैत्रिणी आहेत," बाईंनी वाचलं.

झाडून सगळे हात वर. तिचाही गेला. एकटीनेच खाली कसा ठेवायचा?

बाईंनी आकडा लिहिला आणि पुढचं वाक्य घेतलं. "मला हल्ली आतून काहीच वाटत नाही."

भराभर हात खाली आले. मागे कोणीतरी खुसखुसलं. तिने मात्र हात वरच ठेवला. दंड भरून आला, तरी ठेवला.

बाईंची नजर फिरत फिरत तिच्यापाशी आली. "अगं ए, मागच्या प्रश्नाचा हात अजून वरच? लक्ष कुठंय तुझं?"

"बाई, ठोकळा झोपला!" कोणीतरी ओरडलं आणि वर्ग खदाखदा हसला.

"बाई, तो हात..."

"असू दे गं, होतं असं," बाई मायेनेच म्हणाल्या. "घे खाली."

तिने घेतला. बाईंनी शून्य लिहिलं. उरलेल्या वाक्यांना तिचा हात वर गेलाच नाही.

शेवटी बाईंनी कागदाची घडी घातली. त्यांचा चेहरा उजळला होता. "काळजीचं एकही उत्तर नाही! समुपदेशक बाईंचा हेलपाटा वाचला बघा. वाजवा स्वतःसाठी टाळ्या!"

वर्गाने टाळ्यांचा कडकडाट केला. तिनेही वाजवल्या, अगदी सगळ्यांसारख्या.