उतरवून घेतलेलं कोण ऐकतं?

"हे गाणं दिवसातून किती वेळा ऐकता?" ध्रुवने विचारलं.

"चाळीसेक वेळा," संयोगिता म्हणाली.

मुलगी बघायला आलेल्या मुलाने एवढं विचारायला हरकत नव्हती. पण याने मनातल्या मनात चाळीसला कशाने तरी गुणायला घेतलं आणि ते चेहऱ्यावर दिसलं. शहराबाहेर वाघोडियाच्या कारखान्यांत वीज कुठे वाया जाते हे शोधायची त्याची नोकरी होती. मोठी माणसं आत बटाट्याचा ओलसर लीलो चिवडा खात होती आणि या दोघांना 'मोकळेपणाने बोला' म्हणून पाणीगेटच्या तिच्या घराच्या गॅलरीत पाठवलं होतं. तिच्या नव्या थ्री-जी मोबाइलवर इंटरनेटवरून गाणं चालू होतं.

"म्हणजे चाळीस वेळा ते तिकडून निघतं," तो गंभीरपणे म्हणाला. "लांब कुठेतरी गार खोल्यांत यंत्रं जागी असतात. तुम्ही बोट लावलंत की ते उठतं, समुद्राखालून येतं, समोरच्या मांडवी दरवाजावरून वळतं. दर वेळी नव्याने वीज."

संयोगिताने मांडवीकडे पाहिलं. उन्हात गच्च्या तरंगत होत्या. त्यांच्यावरून एक गाणं, चपला हातात घेऊन, ओल्या पावलांनी येतंय असं दोघांनाही क्षणभर दिसलं. ध्रुव जरा सरकला, गाण्याला टेकायला जागा हवी म्हणून.

"दमत असेल हो," ती म्हणाली.

"म्हणून म्हणतो, ट्रॅक एकदाच मोबाइलमध्ये उतरवून घ्यायचा. मग तो घरातच राहतो. कुठे जात नाही, येत नाही."

दाराआड कान लावून उभ्या असलेल्या मावशीला यातलं शेवटचंच ऐकू आलं. "अगं बाई, मुलगा घरातच राहतो म्हणतोय! घरजावई!" संयोगिता एकुलती एक. आत ध्रुवची आई "हें?" म्हणाली, आणि कुणीतरी पेढ्यांचा डबा उघडला.

ध्रुव लाल झाला. ही हो म्हणणार असेल तर आपण यांच्या गच्चीतल्या पाण्याच्या टाकीवरही राहू, हे त्याला नुकतंच कळलं होतं.

पण ती हसत नव्हती. "घरात उतरवून घेतलेलं कोण ऐकतं हो? आई आज सकाळपासून काय काय बोलली, पप्पांना विचारून बघा. एक शब्द सांगता येणार नाही." ती उठली. "मी आत सांगते, नाही जमत म्हणून."

"मी राहणार नाही," ध्रुव घाईघाईने म्हणाला. "मी येईन."

"म्हणजे?"

"लग्नानंतरसुद्धा. रोज संध्याकाळी वाघोडियाहून येईन, खालून बेल वाजवीन, नाव सांगीन. तुम्ही विचारा, कोण पाहिजे म्हणून. दर वेळी नव्याने."

गाणं संपलं होतं. संयोगिता परत खाली बसली.

"पेट्रोल किती जाईल?" तिने विचारलं.

"मोजलं नाही," ध्रुव म्हणाला. आयुष्यातलं त्याचं ते पहिलं खोटं.