मातीआड

सिग्नेने दार आतून लावून घेतलं, तशा मा कोकुबान्झाच्या अंगणातल्या बायका गप्प झाल्या. बाप मेल्यावर माणूस रडतं, लोळतं, पेटत्या चुलीत पाणी ओततं. पण दार लावून बसतं, हे तळ्याकाठच्या बुकोबा शहराच्या त्या अंगाला कुणी पाहिलं नव्हतं.

"एकटीला बसायचंय म्हणते," मा कोकुबान्झाने सांगितलं. मागची खोली तिनेच सिग्नेला राहायला दिली होती, त्यामुळे खुलासाही तिलाच करावा लागत होता.

"एकटीला? आपलं काही चुकलं का गं?"

चुकलं काहीच नव्हतं. स्वीडनहून आलेली ही पोरगी घेवडा ओळीत कसा पेरावा ते गावाला शिकवत होती. तिचं मन मोडू नये म्हणून गाव रस्त्याकडेच्या दोन ओळी सरळ पेरायचं आणि आत केळीखाली पूर्वीसारखं मूठमूठ फेकायचं. असं सगळं गुण्यागोविंदाने चाललं होतं. काल तिच्या भावाचा फोन आला, बाप गेला म्हणून, आणि गाव चटया घेऊन हजर झालं.

आता पद्धत अशी, की मढं मातीआड होईपर्यंत दुःखातल्या माणसाला सोडून हलायचं नाही, आणि तोवर कुणी शेताला हात लावायचा नाही. एरवी हे दीड दिवसात उरकतं.

गावातले सगळ्यांत जुने म्हातारे, ता ब्याबातो, काठी टेकत दाराशी गेले.

"पोरी, पुरणार कधी?"

"तीन आठवड्यांनी," आतून आवाज आला.

"तीन दिवसांनी म्हणते," म्हाताऱ्यांनी अंगणाला कळवलं.

"तीन आठवड्यांनी, ता!"

एका बाईने तोंडावर हात ठेवला. ता ब्याबातो दाराला चिकटून हळूच म्हणाले, "खड्डा खणायला माणसं नाहीत का तिकडे? लाजू नकोस. आमची चौघं देतो पाठवून."

दार उघडलं. सिग्नेचे डोळे कोरडे होते. "माणसं आहेत, ता. तिकडे असंच असतं. बाबांना गार खोलीत ठेवलंय."

"मग तू जा ना. बापाजवळ बस."

"आत्ता जाऊन काय करू? तिकडे सगळे कामावर गेलेत."

तेवढ्यात केळीच्या बागेतून आवाज आला, तड्. थोड्या वेळाने पुन्हा, तड् तड्. उन्हाने घेवड्याच्या शेंगा तडकत होत्या. मा कोकुबान्झाने मान खाली घातली. तिचा घेवडा सगळ्यांच्या आधी वाळला होता. आज-उद्या उपटला नाही तर वर्षाचं खाणं मातीत, आणि मातीतलं कोंबड्यांच्या पोटात. पोरीचा बाप मेलाय आणि आपण शेंगा ऐकतोय, याची तिला लाज वाटली. कान मात्र तिकडेच.

सिग्नेलाही ऐकू येत होतं. "मा, तुम्ही सगळ्या जा. घेवडा उपटा. मी खरंच ठीक आहे."

"अशी कशी जाऊ? तुझं मढं अजून वर आहे."

"मी पाया पडते तुमच्या."

"मी तुझ्या पडते. ये, बस आमच्यात."

सिग्ने येऊन चटईवर बसली. तिला एकटीला बसायचं होतं, बायकांना शेतात जायचं होतं. आणि सगळ्या जणी एकमेकींसाठी तिथेच बसून राहिल्या.

दुसऱ्या दिवशी बाग भट्टीतल्या लाह्यांसारखी वाजायला लागली, तेव्हा ता ब्याबातोंनी घसा साफ केला. "मढं मातीत गेलं पाहिजे, बरोबर. पण जो तळ्यात बुडून सापडत नाही, त्याचं आपण काय करतो?"

हे सगळ्यांना ठाऊक होतं. त्याच्या जागी केळीचा बुंधा पुरतात.

"पण हिचा बाप बुडालेला नाही, ता."

"तीन आठवडे सापडणार नाही, म्हणजे बुडालाच की."

गडी कोयते घेऊन आले. "उंच होता का गं?" एकाने विचारलं. सिग्नेने डोक्यावर हात धरला, मग टाचा उंचावून आणखी वर नेला. "एवढे." त्या मापाने बुंधा तोडला. मा कोकुबान्झाने तो झाडाची साल कुटून केलेल्या कापडात नीट गुंडाळला, पायाकडून डोक्याकडे. सिग्ने सांगतील तसं करत होती. गावाने ओळींच्या बाबतीत तिचं मन राखलं होतं, तसंच ती आता गावाचं राखत होती.

"शेवटचा हात लाव," मा कोकुबान्झा म्हणाली.

सिग्नेने कापडाच्या आत हात घातला. आताच तोडलेला बुंधा, पाण्याने भरलेला.

"गार आहे," ती म्हणाली. मग तिचा चेहरा बदलला. "मा, किती गार पडलेत हो ते."

आणि ती खड्ड्याच्या काठावरच बसली. तिला उठवायला चार बायका लागल्या. मा कोकुबान्झा तिला पोटाशी धरून नुसती डोलत राहिली. दुसरं तिला काही येत नव्हतं.

सकाळी सगळं गाव शेतात होतं. निम्मा घेवडा आधीच सांडला होता आणि कोंबड्यांना चालवत नव्हतं. मा कोकुबान्झाच्या शेजारी सिग्ने वाकून वेल उपटत होती. तिचा फोन वाजला. ती आपल्या भाषेत चार शब्द बोलली आणि फोन खिशात ठेवला.

"भाऊ का?"

"हो."

"काय सांगितलंस?"

"सांगितलं, बाबांना पुरलं काल."

मा कोकुबान्झाचा हात थांबला. "मग? काय म्हणाला?"

"कामावर आहे म्हणाला. संध्याकाळी बोलू."

मा कोकुबान्झाने हातातली शेंग उगाच दाबून पाहिली. ती कधीच तडकून रिकामी झाली होती.