गालातली काडी

"डुकराचं हृदय बसवलेलं पोर ना? तपासणीशिवाय आत नाही," पाळणाघराच्या खटावकरबाईंनी लेक कृतिकाला कडेवर घेऊन उभ्या सुनेत्रापुढे कापसाची काडी धरली.

"डुकरांच्या त्या विषाणूची लस दिलीय हो तिला. लशीतल्या विषाणूचा घातक एन्झाइम बनवणारा जीन काढलेला असतो."

"आणि खरा, जीनवाला विषाणू निघाला तर? आपल्या अंगात असला तरी आपल्याला काही होत नाही, पण हिचं हृदय इथेच बंद पडायचं. आमच्या गळ्यात नको."

बाई तपासणीची पट्टी आणायला वळल्या. तीन पाळणाघरांनी आधीच नाही म्हटलं होतं. चौथा नकार नको म्हणून सुनेत्राने काडी गुपचूप स्वतःच्याच गालात फिरवली.

पट्टीवर लाल रेघ उमटली.

"सापडला जीन! न्या हिला!"

सुनेत्राने कडेवरच्या कृतिकाचं तोंड घाईने दूर सारलं. सकाळचा मऊभात तिने प्रत्येक घास ओठांना लावून, फुंकर घालून भरवला होता.