कप कोणी विसळायचे

क्लेअर या आयरिश परगण्यातल्या एका गावात कुणी गेलं की मढं घरात ठेवायचं आणि अख्ख्या गावाने चहा ढोसायला जमायचं. नोरीन आणि तिचा भाऊ फिन्टन कोपऱ्यात बसून पैज लावायचे: ‘अगदी झोपल्यासारखा दिसतो’ हे आधी कोण म्हणणार? हरेल त्याने सगळ्यांचे कप विसळायचे. नोरीन दर वेळी डिम्फनाबाईंचं नाव घ्यायची आणि हरायची, कारण बाई आधी सँडविचवर तुटून पडायच्या.

आज मात्र त्या थेट शवपेटीपाशी आल्या. काल गोठ्यात उभ्याउभ्या कोसळलेल्या फिन्टनकडे बघून पुटपुटल्या, "अगदी झोपल्यासारखा दिसतोय गं."

नोरीन पेटीवर वाकली.

"हरलास, फिन्ट्या. ऊठ आता, कप विसळ."