चार मिनिटं

आई गेल्यापासून डॅडी मागच्या ओसरीवरच बसून असत. जेवणाचं ताट तसंच परत येई. मी तीन रविवार आईची बीफ चिली, म्हणजे सुक्या मिरच्यांचा बीफचा रस्सा, करून पाहिली आणि तिन्ही वेळा ती कडू झाली. चर्चच्या पाककृतींच्या पुस्तकात आईच्या नावाखाली स्वच्छ छापलं होतं: सुक्या मिरच्या चार मिनिटं भाजाव्यात.

चौथ्या रविवारी आईच्या हातचं मूळ कार्ड सापडलं. ते वाचून मी मागचं दार उघडलं.

"डॅडी, स्वयंपाकघरात येऊन बसा."

"मी येऊन काय करणार? राजमा तेवढा घालू नकोस. टेक्सासच्या चिलीत राजमा चालत नाही, इथे तोंड दाखवायला जागा राहणार नाही."

"नाही घालत. पण तुमच्याशिवाय चिली होत नाहीये."

कुरकुरत ते आले आणि शेगडीजवळच्या आपल्या खुर्चीत बसले. मी मिरच्या तव्यावर टाकल्या. तिखट धूर उठला. डॅडी शिंकले. मी तशीच उभी राहिले. ते पुन्हा शिंकले, तसा मी तवा उतरवला.

डॅडी माझ्याकडे बघत राहिले. "पुस्तकात हे लिहिलंय?"

"नाही. चर्चच्या बायकांना छापायला आकडा हवा होता."

मी कार्ड त्यांच्या हातात दिलं. ते वाचता वाचता डॅडी इतके हसले की त्यांना तिसरी शिंक आली.

आईने लिहिलं होतं: 'मिरच्या वेंडेल शिंकेपर्यंत भाजायच्या. त्याच्या पहिल्या शिंकेवर विश्वास ठेवू नये.'