नव्याची कणसं

नव्याच्या पंचमीला दारावर नव्या भाताची कणसं बांधायची, तर सुर्ला गावात आता सगुणच्याच एवढ्याशा शेतात यावं लागतं. बाकीची शेतं खाणीच्या मातीखाली गेली. सकाळपासून घरटी एकेक जण येऊन मूठभर कणसं नेत होता. शेवटी गणेश चवथीला गावी आलेले केंद्रीय मंत्री सर्वेशबाब स्वतः आले. कणसं नाकाशी धरून, डोळे मिटून उभे राहिले.

"सगुणा, आईच्या पेजेचा वास रे! कापणी कधी?"

सगुणने मोकळ्या शेताकडे पाहिलं. "झाली, बाब. तुमची मूठ शेवटची."

"मग वर्षभर खातोस काय?"

"तुम्ही दिल्लीहून धाडता ते रेशनचे तांदूळ. पोट भरतं हो. पण पेज निवेपर्यंत मी त्या वासाची वाट बघत बसतो."