लाखात एक

“तुमच्या यजमानांचा मेंदू लाखात एक आहे!” मोक्पो शहरातल्या इस्पितळातले प्रोफेसर म्हणाले. मालसुकला ते पटेना, कारण अडतीस वर्षांत घरातले चमचे कुठे असतात हे त्या मेंदूला कळलं नव्हतं. “म्हणजे त्यातली गाठ हो. दुर्मिळ आणि भलतीच आक्रमक. काढली तर वर्षभर जगतील, नाहीतर दोन महिने.” नवऱ्याने तिला जन्मभर ‘ए’ म्हणूनच हाक मारली होती. महिन्याभरापासून मात्र तो ‘अहो’ म्हणत होता, माशाचे काटे काढून तुकडा तिच्या भातावर ठेवत होता. तिने ते सांगताच प्रोफेसरांनी धीर दिला, “तेही गाठीमुळेच. ऑपरेशननंतर होतील पहिल्यासारखे.” मालसुकचा चेहरा उतरला. “सगळी काढणार?” “सगळी कधीच निघत नाही, मावशी. थोडी राहतेच.” तिने संमतीपत्र पुढे ओढलं आणि सही केली. “मग साहेब, जी राहील ती ‘अहो’कडची असू द्या.”